झाडोऱ्यातला शिट्टीवाला

टोपी ही स्टेनोसाहेबांच्या मेव्हण्याची कल्पना, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाही तर पुढे जे घडलं त्याचं सगळं खापर बिचाऱ्या स्टेनोसाहेबांवर फुटतं.

स्टेनोसाहेब न्यायालयात लघुलेखक होते. उभी हयात त्यांनी दुसऱ्यांचं बोलणं कागदावर उतरवण्यात घालवली. वकील भांडायचे, साक्षीदार रडायचे, न्यायाधीश जांभया द्यायचे आणि स्टेनोसाहेबांची पेन्सिल सरळ रेषेत चालत राहायची. एकदा तर त्यांनी, "साहेब, जांभई नोंदीत घ्यायची का?" असं अगदी गांभीर्याने विचारलं होतं. अशा माणसाला निवृत्तीनंतर कमी ऐकू येऊ लागलं, हे त्याला कसं पटावं? त्यांच्या मते त्यांचे कान ठणठणीत होते, जगच हल्ली पुटपुटायला लागलं होतं. बातम्या सांगणारे पुटपुटायचे, दारावरची घंटा पुटपुटायची, आणि शेगडीवरचं दूधसुद्धा पूर्वीसारखं आवाज करून उतू जात नसे. ते गुपचूप जायचं.

शेवटी लेक आली आणि दुधाच्या तिसऱ्या पातेल्यानंतर वडिलांना हाताला धरून कानाच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या डाव्या कानामागे एक यंत्र बसवलं. "उजव्याचं पुढे बघू," त्या म्हणाल्या. "आता रोज सकाळी बागेत जाऊन बसायचं. पक्ष्यांचे आवाज ऐकायचे. कुठला आवाज कुणाचा, ते ओळखायचा प्रयत्न करायचा. त्याने सवय होते."

असले सल्ले ऐकून लोक मान डोलावतात आणि घरी येऊन आडवे होतात. पण स्टेनोसाहेबांच्या लेखी सांगितलेलं म्हणजे नोंदवलेलं, आणि नोंदवलेलं म्हणजे पाळायचं. त्याच संध्याकाळी त्यांनी पक्ष्यांवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि रात्रीच्या जेवणापर्यंत ते वाचून काढलं. 

"अगं, हे बघ," ते पत्नीला म्हणाले. "सुतार पक्षी आहे, शिंपी पक्षी आहे, धोबी पक्षी आहे. सगळे कामधंदेवाले आहेत. लघुलेखक तेवढा नाही."

"असेल," वहिनी म्हणाल्या. त्यांना सगळी इमारत वहिनी म्हणत असे, म्हणून आपणही म्हणू. "पण तो लिहीत बसला असेल, चित्र काढताना सापडला नसेल."

स्टेनोसाहेब पक्षी ओळखायला निघालेत, ही बातमी सकाळपर्यंत इमारतभर झाली. वरच्या मजल्यावरचे औषधवाले, म्हणजे ज्यांचं कोपऱ्यावर औषधांचं दुकान होतं ते, खास जिना उतरून आले. हिरवे कपडे घाला, पक्षी बिचकत नाहीत. मान वर करून फार वेळ बघू नका, चक्कर येते. आणि आलीच तर त्यावरची गोळी आपल्याकडे आहे, असा त्यांच्या बोलण्याचा सारांश होता. मेव्हणा मात्र सल्ला देऊन थांबला नाही. तो वस्तूच घेऊन आला. खाकी, कापडी, रुंद काठाची टोपी. "पक्षी बघणारा माणूस टोपीवरून ओळखू येतो, दाजी," तो म्हणाला. टोपी त्याने स्वतःच्या डोक्यावर बसवून खरेदी केली होती, आणि त्या घराण्यात त्याचं डोकं सगळ्यात मोठं. स्टेनोसाहेबांनी ती घातल्यावर तिचा काठ थेट कानांवर येऊन टेकला.

"टेबलावरच्या दिव्यासारखे दिसताय," वहिनी म्हणाल्या.

पण शिस्त म्हणजे शिस्त. टोपी घरात घालायची नाही, बागेच्या फाटकाशी गेल्यावर घालायची, असं ठरवून स्टेनोसाहेब दुसऱ्या दिवशी निघाले.

बाग म्हणजे नगरपालिकेची साधीसुधी बाग. मधोमध बंद कारंजं, कडेने पाळणे, फिरायला गोल वाट, आणि मागच्या भिंतीला लागून बरीच वर्षं कुणी हात न लावलेला दाट झाडोरा. त्या झाडोऱ्यासमोरच्या बाकावर स्टेनोसाहेब बसले, टोपी नीट खाली ओढली आणि कान दिले.

"पीऽऽऽऽ."

बारीक, लांबलचक, सुईसारखी शीळ. अगदी जवळून, डावीकडून! स्टेनोसाहेबांनी हळूच डावीकडे मान वळवली. आवाज थांबला. क्षणभराने पुन्हा आला, पुन्हा डावीकडूनच. ते आणखी डावीकडे वळले. पक्षी आणखी डावीकडे सरकला. असं करत करत ते बाकावर बसल्या जागी पूर्ण एक फेरी फिरून आले आणि पाहतात तो समोर फिरायला येणारी मंडळी उभी. पुढे कर्नल. कर्नल सैन्यात कधीच नव्हते, एका कापडगिरणीत हिशेब तपासत असत. पण मिशी आणि चालायची पद्धत यांमुळे त्यांना ही बढती मिळाली होती.

"काय स्टेनोसाहेब, काही हरवलंय?"

"शूऽऽ," स्टेनोसाहेब म्हणाले. त्यांनी बोट उचललं आणि मान किंचित कलती केली.

"पीऽऽऽऽ."

मंडळी जागच्या जागी थबकली. "ऐकलंत?" "ऐकलं!" "बाई गं, कसला गोड!" कर्नलांनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि जोरात मान हलवली. असा आवाज या बागेत पूर्वी कुणी ऐकला नव्हता, यावर एकमत झालं. स्टेनोसाहेब घरी आले ते दोन बोटं उंच होऊन. नोकरीत हजारो पानं लिहिली, पण कुणी असं भोवती जमून त्यांच्याकडे आदराने पाहिलं नव्हतं.

पुस्तक मात्र गप्प होतं. पुस्तकातला एक पक्षी टिकटिक करायचा, एक कुकुकु करायचा, एकाचा आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा होता. लांब, सरळ, बारीक शीळ कुणाचीच नव्हती. तोवर मंडळींनी आपलं नाव ठेवून टाकलं, शिट्टीवाला. आणि नाव ठेवल्यावर पक्षी दिसायला कितीसा वेळ लागतो? औषधवाल्यांना तो पहिल्यांदा दिसला. मग कर्नलांना. एके दिवशी वहिनी बागेवरून भाजी घेऊन आल्या आणि पिशवी खाली ठेवता ठेवता म्हणाल्या, "मीही बघितला हो. पोट पिवळं आहे."

दिसला नव्हता तो फक्त स्टेनोसाहेबांना. याची त्यांना खंत होती, पण एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली होती. स्टेनोसाहेब बागेत असले तरच शिट्टीवाला गात असे. "त्याचा तुमच्यावर जीव आहे," औषधवाले म्हणाले. स्टेनोसाहेब संकोचले, पण त्यांनी नाकारलं नाही.

इथवर सगळं छान चाललं होतं. बिनसलं ते एका सकाळी, झाडोऱ्यात मोजणीवाले दिसले तेव्हा. दोन माणसं फीत धरून उभी होती आणि तिसरा झाडांच्या बुंध्यांवर चुन्याने फुल्या मारत होता. चौकशी केली तर कळलं की झाडोरा काढून तिथे सिमेंटचं व्यासपीठ होणार आहे.

"व्यासपीठ कशाला?" स्टेनोसाहेबांनी विचारलं.

"कार्यक्रमांना," फीतवाला म्हणाला.

"कसले कार्यक्रम?"

"व्यासपीठाच्या उद्घाटनाचा तर होईलच."

स्टेनोसाहेब तसेच टोपी हातात घेऊन उद्यान अधीक्षकांच्या खोलीत गेले. अधीक्षक चहा बशीत ओतत होते.

"साहेब, झाडोऱ्यात एक पक्षी आहे."

"कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? रानातला. आपणहून आलाय."

"मग आमच्याकडे कशाला आलात? आमच्याकडे झाडं, बाकं, कारंजं आणि पाळणे. मेलेला असेल तर आरोग्य खातं उचलतं. जिवंत पक्ष्याची तक्रार आजवर आलेली नाही."

"तक्रार नाहीये. माहिती द्यायला आलोय."

"माहिती तर आम्ही घेतच नाही," अधीक्षक म्हणाले आणि चहा प्याले.

पण स्टेनोसाहेब उठले नाहीत. न्यायालयात तासन्‌तास न हलता बसायची सवय इथे कामी आली. शेवटी त्यांना घालवायचा दुसरा मार्ग दिसेना, म्हणून अधीक्षक त्यांच्याबरोबर झाडोऱ्यापर्यंत आले. स्टेनोसाहेबांनी टोपी घातली, कानापर्यंत ओढली, मान कलती केली. शिट्टीवाल्याने निराश केलं नाही. उलट त्या दिवशी तो असा काही लागला होता की थांबायचं नावच घेईना.

अधीक्षकांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. त्यांची बढती वर्षभर कुठेतरी अडकून पडली होती. व्यासपीठं सगळ्याच बागांत होती, दुर्मीळ पक्षी मात्र कुणाकडेच नव्हता! आठवड्यात चक्रं फिरली. झाडोऱ्याभोवती दोर लागला. गवत कापायचं यंत्र बंद झालं. फिरणाऱ्यांची वाट वळवून कचराकुंडीमागून नेण्यात आली, त्यावर कर्नल जे बोलले ते स्टेनोसाहेबांनी ऐकलं पण मनातसुद्धा नोंदवलं नाही. एक वार्ताहर येऊन गेला. वरिष्ठांच्या सह्या झाल्या आणि झाडोरा संरक्षित जाहीर झाला. राहिला फक्त फलक. तिथे मात्र घोडं अडलं. फलकावर पक्ष्याचं नाव हवं, आणि ते 'शिट्टीवाला' असून चालणार नाही, असं वरून कळवण्यात आलं.

म्हणून महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापकबाईंना बोलावणं गेलं.

त्या रविवारी दोराच्या बाहेर निम्मी वस्ती जमली होती. वहिनी इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. मेव्हणा सगळ्यांना टोपी कुणी आणली ते सांगत होता. प्राध्यापकबाई तरुण होत्या, पायात चिखलाचे बूट होते, आणि हातात आवाज टिपायचं एक लांबट यंत्र होतं. कानांवर त्याचे श्रवणगोळे चढवून त्यांनी यंत्राचं तोंड झाडोऱ्याकडे धरलं. सगळे श्वास रोखून उभे राहिले. स्टेनोसाहेब त्यांच्याच शेजारी, मानाच्या जागी.

"पीऽऽऽऽ."

बाईंच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी यंत्र झाडोऱ्यावरून डावीकडे फिरवलं, मग उजवीकडे. मग वर, मग खाली. मग त्या सावकाश वळू लागल्या. यंत्राचं तोंड अधीक्षकांवरून गेलं, औषधवाल्यांवरून गेलं, इस्त्रीच्या साडीवरून गेलं आणि स्टेनोसाहेबांच्या डाव्या कानाशी येऊन थांबलं.

बाईंनी श्रवणगोळे काढले. त्या खूप हळू आवाजात म्हणाल्या, "काका, जरा टोपी काढता?"

स्टेनोसाहेबांना वाटलं, पक्ष्याच्या सन्मानार्थ असेल. त्यांनी टोपी काढली. शीळ थांबली.

"आता घाला."

"पीऽऽऽऽ."

"काढा."

शांतता.

"कानामागच्या यंत्रावर काही दाबून बसलं ना, की ते असं वाजतं," बाई अगदी कानाशी येऊन म्हणाल्या. त्यांचा हेतू चांगला होता. पण कुजबुज नेमकी यंत्राच्या बाजूने झाली आणि स्टेनोसाहेब दचकून मोठ्याने म्हणाले, "म्हणजे पक्षी माझ्या टोपीत आहे?"

पुढे काय झालं ते सांगायला नकोच. हसणं आधी मागच्या रांगेत फुटलं आणि मग लाटेसारखं पुढे आलं. मेव्हणा, टोपी आपण आणली नाही अशा चेहऱ्याने, बंद कारंजं बघायला निघून गेला. सगळ्यांत मोठं हसू कर्नलांचं. डोळ्यांतून पाणी येईतो हसले. "काय स्टेनोसाहेब," ते ओरडून म्हणाले, "सगळ्या गावाला कामाला लावलंत की हो! तुमच्या त्या कानापायी आम्ही रोज कचराकुंडीला प्रदक्षिणा घालतोय!"

स्टेनोसाहेबांचे कान, दोन्ही, लाल झाले. टोपी त्यांच्या हातात तशीच होती. क्षणभर वहिनींना वाटलं, हे आता घराकडे चालू लागणार आणि पुन्हा कधी बाहेर पडणार नाहीत. त्या एक पाऊल पुढे झाल्या.

पण स्टेनोसाहेब ताठ उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला, आणि भर न्यायालयात नोंदी वाचून दाखवायचा तो जुना, सपाट, ना चढ ना उतार असलेला आवाज लावला.

"मी पक्षी ऐकला असं म्हणालो. पाहिला असं मी कधीही म्हणालो नाही. पाहिल्याच्या साक्षी पुढीलप्रमाणे. औषधवाले, पाळण्यांजवळ: 'पाठ हिरवी, अगदी आमच्या खोकल्याच्या बाटलीसारखी. या डोळ्यांनी पाहिली.' कर्नल, याच बाकाजवळ: 'शेपटीखाली लालभडक, आणि टोकाला पांढरी. अशी शेपटी मी जन्मात दुसरी पाहिलेली नाही.' अधीक्षकसाहेब, वार्ताहरासमोर: 'चोच लांब. मी स्वतः खात्री करून घेतली आहे. हे ठळक छापा.'"

हसू थांबलं. कुणी दोराची गाठ बघू लागलं, कुणी बुटाची. औषधवाल्यांना एकाएकी दुकान उघडं राहिल्याचं आठवलं, पण वाट नव्हती.

"आणखी एक साक्ष आहे," स्टेनोसाहेब म्हणाले. "पोटाच्या रंगाबद्दल." त्यांची नजर इस्त्रीच्या साडीकडे गेली. वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या. पापणीही न लवता बघत होत्या.

"ती साक्ष," स्टेनोसाहेब म्हणाले, "नोंदीत घेण्याची आवश्यकता नाही."

मग अधीक्षक भानावर आले. पक्षी नाही म्हणजे फलक नाही. फलक नाही म्हणजे दोर कशाला? दोर नाही तर संरक्षण मागे घ्यायचं. पण मागे घ्यायचं तर मुळात का दिलं, ते लिहून द्यावं लागणार. आणि ते लिहिणार काय? 'एका निवृत्त लघुलेखकाच्या टोपीमुळे'? त्यांच्या कपाळावर घाम आला. "मॅडम," ते काकुळतीला येऊन म्हणाले, "आत दुसरं काहीच नाही का हो?"

प्राध्यापकबाई तोवर दोर ओलांडून आत शिरल्या होत्या. त्या बराच वेळ दिसल्या नाहीत. बाहेर आल्या तेव्हा केसांत पाचोळा होता आणि चेहरा खुललेला होता.

"बरंच काही आहे. शिंप्याचं घरटं आहे, पानं शिवून केलेलं. होल्याचं आहे, तो कबुतराचा धाकटा भाऊ. बुलबुल तर दोन-तीन जोड्या आहेत. सगळे साधेच पक्षी आहेत, कुठेही दिसणारे. पण राहतात ते इथे, कारण ही जागा कुणी साफ केली नाही."

"शिंप्याची पाठ कशी असते?" औषधवाल्यांनी हळूच विचारलं.

"हिरवट."

औषधवाल्यांनी चहूकडे पाहिलं.

"आणि चोच?" अधीक्षक.

"बारीक, अंगाच्या मानाने लांब म्हणता येईल. बुलबुलाच्या शेपटीखाली लाल असतं, टोकाला पांढरं. कर्नलसाहेबांनी खरंच पाहिला असणार." पिवळ्या पोटाचं तिथे कुणी निघालं नाही. पण तशी साक्षच नोंदीत नसल्यामुळे प्रश्न आला नाही.

अधीक्षकांनी रुमालाने कपाळ पुसलं. संरक्षण मागे घेण्यापेक्षा फलकावर एकाऐवजी तीन नावं लिहिणं सोपं, हे त्यांना तिथल्या तिथे दिसलं. व्यासपीठ पलीकडच्या बागेकडे सरकवण्यात आलं, तिथे आधीच एक होतं, आता दोन झाली. वाट कचराकुंडीमागून पुन्हा जागेवर आली. बुंध्यांवरच्या चुन्याच्या फुल्या हळूहळू पुसट होत गेल्या.

स्टेनोसाहेब आठवडाभर बागेकडे फिरकले नाहीत. खिडकीत बसून राहिले. मग एका सकाळी वहिनींनी त्यांच्यासमोर चपला आणून ठेवल्या आणि म्हणाल्या, "मला तो शिंपी बघायचाय. एकटीला मला ओळखता येणार नाही." ते निघाले. उघड्या डोक्याने बाकावर बसले. पहिल्यांदा काही कळेना. मग गोंगाटातून एकेक धागा सुटा व्हावा तसे आवाज सुटे होऊ लागले. हा टिवटिव करणारा. हा पाण्याच्या थेंबासारखा. त्या मागचा तो खोल, झोपाळू, घुमणारा.

"होला," ते म्हणाले. आणि पुस्तक न उघडता म्हणाले, याचं त्यांचं त्यांनाच इतकं बरं वाटलं की तेवढ्यासाठी ते रोज यायला लागले.

एके सकाळी वहिनी फिरायच्या वाटेवर पुढे गेल्या असताना कर्नल आले आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. त्या रविवारनंतर दोघांत बोलणं नव्हतं. कर्नलांनी मिशी चाचपली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग सरकत सरकत जवळ आले.

"स्टेनोसाहेब, ते तुमचं यंत्र... कुठे मिळतं?"

स्टेनोसाहेबांनी वळून पाहिलं.

"खरं सांगतो," कर्नल झाडोऱ्याकडे बघत म्हणाले, "ती शिट्टी मला कधी ऐकूच आली नाही. एकदाही नाही. सगळे माना हलवायचे, म्हणून मीही हलवायचो. म्हटलं, एवढ्या लोकांत आपणच कसं नाही म्हणायचं?"

स्टेनोसाहेबांना यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. त्यांनी दवाखान्याचा पत्ता सांगितला. शब्दन् शब्द सुटा करून, दोनदा.

"आत्ता काही वाजतंय का?" कर्नलांनी विचारलं.

"होला आहे. त्या उंच झाडावर."

"कसा वाजतो?"

स्टेनोसाहेबांनी उभ्या आयुष्यात दुसऱ्याचा आवाज नुसता लिहून घेतला होता, कधी काढून दाखवला नव्हता. त्यांनी वाटेकडे पाहिलं, कुणी येत नाहीसं बघितलं. मग दोन्ही तळहात तोंडाशी जुळवले, कर्नलांच्या कानाजवळ वाकले आणि पोटातून आवाज काढला. "घूऽ घुघूऽ. घूऽ घुघूऽ."

कर्नल मान कलती करून ऐकत राहिले.

"हां," ते म्हणाले. "हा आला. पुन्हा करा."